हायवेला गारेगार, बेळगावात शिरलं की गरम वारा : एसीचं काय करू?

तिलकवाडी_दुसरं_गेट
गाडी पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड. आधीच्या मालकाकडे असताना पुढून ठोकली होती. त्यामुळे बंपर, पुढची पट्टी, एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि त्याच्या मागच्या दोनपैकी एक फॅन बदललेला आहे. इंजिन-गिअर झकास. रडगाणं फक्त एसीचं.

लक्षणं नीट लिहितो, म्हणजे परत विचारायला नको. काकती सोडून संकेश्वरच्या दिशेनं हायवेला लागलं की एसी असा गार पडतो की मागं बसलेली आई शाल मागते. वंटमुरीच्या चढाला थोडा ढिला होतो, पण चालतंय. परत गावात शिरलं की खेळ खलास. दुसऱ्या रेल्वे गेटला गाडीची वाट बघत उभं राहिलं की वारा कोमट. आणि गंमत अशी की उभ्या गाडीपेक्षा काँग्रेस रोडवर तीस-चाळीसच्या वेगात जास्त वाईट.

गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला, यंदा मार्चमध्ये परत भरला. दोन्ही वेळेला मेकॅनिकनं पाइपला हात लावला आणि निकाल दिला, "गॅस खाली आग्यादरी." म्हणजे गॅस संपलाय. यंदा भरल्यापासून तर गावात कॉम्प्रेसर मधेच कट होतो. टिक् आवाज, मग गरम वारा, थोड्या वेळानं परत टिक्. आता दुसरा एक जण म्हणतोय कॉम्प्रेसरच बदला. खिशाला भोक पडायच्या आधी इथं विचारतोय.

निपाणी_टुरिस्ट
एवढं काय त्यात? गॅस दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला भरायचाच असतो. माझ्या टॅक्सीला तेच करतो. वर लीक बंद करायचं डबडं मिळतंय ते सोडायचं. विषय संपला.

पाना_बारातेरा
निपाणीकर, राग मानू नका, पण दरवर्षी गॅस संपतोय म्हणजे दरवर्षी गळतोय. पेट्रोलसारखा जळत नाही तो. बंद नळ्यांत तोच तोच गॅस फिरत असतोय. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण तेवढ्यानं एका वर्षात एसी बसत नाही. आणि ते डबडं हवा आणि ओल लागली की घट्ट होतंय. गळतीच्या जागी घट्ट झालं तर नशीब. आतल्या थंड कॉइलमध्ये गॅस बारीक करून सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात झालं तर डॅशबोर्ड खोलायची पाळी. आमच्या गॅस काढायच्या मशीनमध्ये शिरलं तर मशीन आडवं. तुमच्या टॅक्सीच्या सांध्यांना तेलकट काळे डाग दिसतात काय बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण बाहेर येतंय, आणि त्यावर धूळ बसती. गळती तिथंच.

आता गेटवाले दादा. कॉम्प्रेसरला हात लावू नका इतक्यात. तीन गोष्टी करा, फुकटातल्या आहेत.

दुपारी उन्हात गाडी उभी करा, एसी फुल्ल, आतली हवा आतच फिरायचं बटण दाबून ठेवा. वारा कोमट झाला की कोणाला तरी ॲक्सिलरेटर २००० आरपीएमवर धरायला सांगा. नुसत्या आरपीएमनं गार पडायला लागलं तर कॉम्प्रेसर दमलाय म्हणायचं. आरपीएम वाढवून पण कोमटच राहिलं, तर हायवेला गार पडण्याचं कारण इंजिनचा वेग नाही, समोरून येणारा वारा आहे. मग बंपरच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या पाइपनं पाणी सोडा, धार बारीक ठेवून. मिनिटभरात आत गार वारा आला की समजा, गॅस आत उष्णता पोचवतोय पण बाहेर टाकता येईना झालंय.

तिसरं, पेपरचं एक पान जाळीसमोर धरा. फॅन चालू असताना पान जाळीला चिकटलं पाहिजे. करून सांगा, मग पुढचं बोलू.

संकेश्वरी
पाण्याचं मी पण सांगणार होतो. आमच्याकडं कारखाना सुरू झाला की रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. चिपाडाचा भुसा, जाळलेल्या पाचटाची काजळी, वर धुरळा. हे सगळं कंडेन्सरच्या पापुद्र्यांत जाऊन बसतंय. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतो, कारण खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतोय. माझ्या गाडीतनं गोधडीला भरता येईल एवढा भुसा निघाला होता. वॉशिंग सेंटरला जोराच्या प्रेशरनं मात्र मारून घेऊ नका, पापुद्रे वाकतात आणि मग वारा कायमचाच अडतो. धार आतल्या बाजूनं बाहेर काढायची.

खानापूर_जांभा
आमच्याकडं भुसा नाही, लाल माती. जांबोटी रस्त्यानं पावसात गेलं की ती कंडेन्सरवर बसते आणि ऊन पडलं की विटेसारखी भाजते. पावसाळा संपला की धुवायचाच, एवढं पाळतो.

चोर्लाघाट
धागा पळवतोय त्याबद्दल माफी, पण माझं बरोबर उलटं आहे. गावात एसी मस्त. बेळगाव-चोर्ला-पणजी जाताना तासाभरानं वाराच कमी होत जातो. ब्लोअर चारवर आहे, आवाज येतोय, पण व्हेंटमधून फुंकर मारल्यासारखं. एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला की थोड्या वेळानं वारा परत येतो आणि गाडीखाली धो धो पाणी. हे काय?

पाना_बारातेरा
चोर्लावाले, तुमच्या आत बर्फ धरालाय. डॅशबोर्डच्या मागं जी थंड कॉइल असते, तिच्यावर हवेतली वाफ पाणी होऊन गळत असती. कॉइल शून्याच्या खाली गेली की त्या पाण्याचा बर्फ होतोय आणि वाऱ्याची वाट बंद. घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत लागला की जास्तच. आधी केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतोय, दोन्ही बाजू आत दाबल्या की बॉक्स खाली पडतो. काही बेस मॉडेलमध्ये कंपनीनं फिल्टर दिलेलाच नसतो, मग सगळा कचरा थेट कॉइलवर. फिल्टर चांगला निघाला तर पुढचं सांगतो.

तिलकवाडी_दुसरं_गेट
केलं. २००० वर धरून काही फरक नाही, उलट दोनदा कॉम्प्रेसर कट झाला. पाणी सोडलं आणि काय सांगू, अर्ध्या मिनिटात आत गार! पाणी थांबवलं, परत हळूहळू कोमट.

पेपरचं विचित्र झालं. उजव्या फॅनसमोर 'तरुण भारत'चं पान चिकटतंय. डाव्या फॅनसमोर धरलं तर पान चिकटायचं सोडून माझ्याकडं उडतंय. जाळीतून हाताला गरम वारा लागतो. फॅन जोरात फिरतोय, आवाजही व्यवस्थित. अपघातानंतर बदललेला फॅन हाच, डावा.

संकेश्वरी
आयला!

उद्यमबाग_कास्टिंग
सापडलं बहुतेक. फॅन उलटा फिरतोय. डीसी मोटार आहे, दोन वायरींची अदलाबदल झाली की ती बिनतक्रार उलटी फिरते. बाहेरचा फॅन बसवताना कनेक्टर जुळला नसेल, मग वायरी कापून जोडल्या असतील आणि वर टेप गुंडाळली असेल.

आणि आता तुमचं काँग्रेस रोडचं कोडं पण सुटतं. फॅननं समोरून हवा ओढून मागं इंजिनकडं टाकायची असते. तुमचा डावा फॅन इंजिनकडची तापलेली हवा पुढं ढकलतोय. गाडी उभी असताना निदान उलटा का होईना, वारा कंडेन्सरमधून जातोय. तीस-चाळीसच्या वेगात पुढून येणारा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांना भिडतात आणि तिथं हवा जवळजवळ थांबते. ऐंशीला समोरचा वारा फॅनला हरवतो, म्हणून हायवेला आईंना शाल लागते.

तिलकवाडी_दुसरं_गेट
बॉनेट उघडून बघितलं. टेप आहे. लाल टेप. वायरी जोडलेल्या, आणि रंग लालला काळा, काळ्याला लाल.

निपाणी_टुरिस्ट
मग वायर फिरवली की झालं. गॅसचा प्रश्नच नव्हता म्हणा की.

उद्यमबाग_कास्टिंग
तसं नाही हो. गॅसचा प्रश्न नव्हता, आता असू शकतो. दोनदा भरलाय ना? आधीचा मोजून काढल्याशिवाय वरून भरला असेल तर तो जास्त झाला असणार. वायर नीट करून घ्या, टेप नको, सोल्डर आणि श्रिंक स्लीव्ह किंवा योग्य कनेक्टर. मग जिथं दोन घड्याळांचा गेज (निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या) लावतात आणि गॅस वजन करून भरतात तिथं जा. गेज लावल्यावर आकडे इथं टाका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना गेजवर जो आकडा दिसतो त्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. आर-१३४ए गॅस नळीत थोडा द्रवरूपात असेल तोपर्यंत त्याचा दाब फक्त तपमानावर ठरतो. ३० अंशाला साधारण ९७ पीएसआय, ३५ ला ११४ च्या आसपास. आत २०० ग्रॅम असो की ४००, आकडा तोच. त्यामुळे बंद गाडीत घड्याळ बघून "बरोबर आहे" म्हणणारा आणि पाइपला हात लावून "खाली" म्हणणारा, दोघं सारखेच.

गोकाक_करदंट
हे बघा, बंद गाडीत फक्त एकच गोष्ट कळते. काटा ३०-४० च्या खाली असेल तर गॅस खरोखर गेलेला आहे, आणि लो प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला लागूच देणार नाही. काही जण तिथं स्विच शॉर्ट करून जबरदस्तीनं कॉम्प्रेसर फिरवतात. तेल गॅसबरोबर फिरत असतं, गॅस नसला की कॉम्प्रेसर कोरडा फिरून घासतो. ती आयडिया करू नका.

चोर्लाघाट
फिल्टर काढला. काय होतं त्यात ते लिहीत नाही, कोणी जेवत असेल. उंदराचं बिऱ्हाड होतं. नवा टाकला, वारा वाढला. पण परवा गोव्याला जाऊन आलो, साखळीच्या पुढं परत तेच.

तिलकवाडी_दुसरं_गेट
वायरी सोल्डर करून घेतल्या. आता डावीकडं पण पान चिकटतंय. गावात फरक लगेच जाणवला, पण भर दुपारी अजून म्हणावं तसं नाही. म्हणून ऑटोनगरमधल्या एका एसीवाल्याकडं गेलो. त्यानं गेज लावला. बाहेर ३६ अंश होते. इंजिन १५०० वर, निळं घड्याळ ६०, लाल ३४०, आणि लाल चढत चाललं होतं.

उद्यमबाग_कास्टिंग
बघा, दोन्ही चढलेले आहेत. फॅन नीट झाल्यावरसुद्धा. मग जास्त गॅस, किंवा आत हवा, किंवा दोन्ही.

आकड्यांचा अर्थ सांगतो, कारण हे कळलं की कोणी फसवत नाही. निळं घड्याळ ३० ला असलं की आतली कॉइल साधारण १ अंशावर असते. तुमचं ६० आहे, म्हणजे कॉइल १६-१७ अंशांवर. त्यावरून आलेली हवा विशीच्या खाली कशी जाणार? लालचं तसंच. २३० म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशाला द्रव होतोय, ३६ च्या उन्हात हे ठीक. ३४० म्हणजे पाऊणशे अंशांच्या वर. तो असाच चढत गेला की हाय प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. ती तुमची टिक् टिक्. स्विचनं कॉम्प्रेसर वाचवला आणि त्याच टिक् टिक्मुळं लोक तुम्हाला कॉम्प्रेसर बदलायला सांगत होते.

दोन्ही घड्याळं खाली असती तर गॅस कमी. निळं वर आणि लाल खाली, आरपीएम वाढवून पण काट्यांत फरक नाही, असं असतं तर मात्र कॉम्प्रेसरचा खर्च आला असता. निळं पार शून्याच्या खाली गेलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला. काटा थरथरत असेल तर आत हवा शिरली असण्याची पण शक्यता असते.

एसीवाल्याला म्हणावं सगळा गॅस मशीननं काढ, वजन कर, व्हॅक्यूम कर (पंपानं आतली हवा-ओल ओढून घे), आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढे ग्रॅम भर.

तिलकवाडी_दुसरं_गेट
स्टिकर नाही. तो पुढच्या पट्टीवर असतो ना? ती पट्टीच अपघातात बदलली.

उद्यमबाग_कास्टिंग
म्हणून दोघांनी अंदाजपंचे भरला. मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची दुसरी गाडी शोधून बॉनेट उघडा. कुठला गॅस लागतो ते पण तिथंच लिहिलेलं असतं. अलीकडच्या काही गाड्यांना आर-१२३४वायएफ येतो. त्याचं तोंड वेगळं असतं, किंमत बरीच जास्त, आणि तो सौम्यपणे पेट घेणारा आहे. दोन्ही मिसळायचे नाहीत. लहान गाडीत सगळा खेळ चार-पाचशे ग्रॅमचा असतो, त्यात शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी एसी तोंड वाकडं करतो.

संकेश्वरी
स्वस्तात भरून देतो म्हणणाऱ्याला डबा दाखव म्हणायचं. काही ठिकाणी प्रोपेन-ब्युटेनच्या जातीचा गॅस भरतात. गार चांगला पडतो, तिथंच माणूस फसतो. पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा भडका घेणारा, आणि गळला तर डॅशबोर्डच्या आतसुद्धा गळतो.

पाना_बारातेरा
व्हॅक्यूमचं एक सांगतो, नाहीतर गेटवाले दादा तिथं भांडण काढतील. पुस्तकात लिहिलेलं असतंय काटा २९ इंचावर (पाऱ्याचे इंच) गेला पाहिजे. ते समुद्रकाठचं गणित. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचावर, इथं हवेचाच दाब कमी, म्हणून पंप कितीही चांगला असला तरी काटा २७ च्या आसपास थांबतोय. तो मेकॅनिकचा दोष नाही. बघायचं ते हे की पंप अर्धा तास चालला पाहिजे आणि बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही पाहिजे. पाच मिनिटं चालवून "झालं री" म्हणाला तर आतली ओल तशीच राहती. ती ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर गोठती आणि एसी मधेच जातोय, मधेच येतोय.

आणि ठोकरीत कंडेन्सर बदलला होता ना? त्या वेळी ड्रायर बदलला होता काय विचारा. ओल शोषणारी ती बाटली असती, पुष्कळ गाड्यांत कंडेन्सरच्या कडेलाच जोडलेली. सिस्टीम उघडी राहिली की ती भरून जाती.

तिलकवाडी_दुसरं_गेट
अपडेट. मॅन्युअलमध्ये ४२० ग्रॅम आहे. मशीननं काढला तो ५८० निघाला! एसीवाला स्वतःच हसायला लागला, "इदु गाडी अल्ला, सिलिंडर." म्हणजे ही गाडी नाही, सिलिंडर. ड्रायर नवा टाकला. जोडाच्या ओ-रिंग बदलल्या, त्यांना कॉम्प्रेसरचंच तेल लावून. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला, कुठं बुडबुडा नाही. पंप पाऊण तास. काटा २७ वर गेला आणि हलला नाही, पानावाल्यांच्या कृपेनं भांडलो नाही. ४२० ग्रॅम भरले. आता दुपारी उभ्या गाडीत निळं ३५, लाल २२०, मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर धरला तर ९ अंश. काँग्रेस रोडला आईनं शाल मागितली.

निपाणी_टुरिस्ट
अभिनंदन. बरं, माझ्या गाडीचे सांधे बघितले. कॉम्प्रेसरच्या मागच्या पाइपला तेलकट आहे. तो एसीवाला कुठला तेवढं निरोपात सांगा. आणि ते डबडं गेल्या वर्षी टाकलेलं आहे हे आधी सांगायचं काय त्याला?

पाना_बारातेरा
सगळ्यात आधी तेच सांगायचं. तो आत ते डबडं आहे काय ओळखायची पट्टी लावून बघेल आणि मग ठरवेल.

चोर्लावाले, तुम्ही राहिलात. फिल्टर नवा आहे आणि तरी बर्फ धरतोय, म्हणजे कॉइलजवळचा तपमानाचा सेन्सर बघायचा. कॉइल गोठायच्या आधी कॉम्प्रेसर बंद करणं त्याचं काम. बर्फ धरला की बोनेट उघडून ऐका, कॉम्प्रेसर एकदाही टिक् करून सुटत नसेल तर सेन्सरचाच संशय. काढून मल्टिमीटर लावा, मुठीत धरून एक आकडा घ्या, बर्फाच्या पाण्यात बुडवून दुसरा. गारव्यात ओहम चांगले वाढले पाहिजेत. वाढले नाहीत तर सेन्सर मेलेला, फार महाग येत नाही. वाढले, तर तो कॉइलच्या पापुद्र्यांतनं निसटून बाहेर लोंबकळतोय काय बघा. उंदीर राहून गेलेत म्हणता, तर वायर कुरतडलेली पण असंल.

चोर्लाघाट
सेन्सर काढायला ब्लोअरचा डबा खोलावा लागेल का, की ग्लोव्ह बॉक्सच्या जागेतून हात जातो?

पाना_बारातेरा
गाडीवर आहे. पुष्कळ हॅचबॅकमध्ये ग्लोव्ह बॉक्स काढला की कॉइलच्या डब्याच्या कडेला दोन पिनांचा बारका सॉकेट दिसतोय, त्याची वायर आत गेलेली असती. मॉडेल आणि साल टाका, फोटो टाकला तर खूण करून देतो. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, तिकडं एअरबॅगच्या वायरी पण असतात. पिवळ्या वेष्टनाच्या दिसल्या तर त्यांना हात लावू नका.